घाटात झटके मारणारी गाडी: ईसीएम बदलायच्या आधी

प्रश्न साताऱ्यातल्याच एका गाडीमालकाचा आहे. गाडी दहा वर्षांची, तीन सिलिंडरची, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी गुंडाळी) असलेली. सपाटीला काही तक्रार नाही. पण रोज कामाला कासकडं जाताना यवतेश्वर घाट लागला की सीएनजीवर झटके मारते आणि चेक लाइट लुकलुकायला लागते. पेट्रोलवर टाकली की त्रास कमी होतो, पण पूर्ण जात नाही. पावसाळ्यात जास्त होतो. आतापर्यंत तिन्ही प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली, दोन नंबरची कॉइल बदलली. ती नवी कॉइल चार महिन्यांत गेली, म्हणून परत बदलली. आता तिसऱ्या मेस्त्रींनी सांगितलंय, "ईसीएम गेलाय." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. तो बदलू का, असं विचारलंय.

दादा, ईसीएमसाठी पैसे काढू नका. निदान अजून तरी नाही. ३० वर्षं या धंद्यात आहे. ईसीएम खरोखर गेलेल्या गाड्या मी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच बघितल्या, आणि त्यातल्या बहुतेक एकतर पुरात बुडालेल्या होत्या, नाहीतर जंप स्टार्ट करताना कुणीतरी केबल उलट्या लावल्या होत्या. तुमची गाडी सपाटीला नीट चालते ना? सपाटीला ३००० आरपीएमवर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडावी लागते. ईसीएम तेवढे सिग्नल बिनचूक देतोय. घाटात त्याच्या डोक्यावरचं ओझं काही वाढत नाही. ओझं वाढतं ते कॉइलवर, प्लगवर आणि त्या दोघांच्या मधल्या रबराच्या बुटावर.

हे ओझं कसं वाढतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीतून काही मिलिसेकंद जातात, करंट पाच-सात अँपिअरवर चढतो आणि तेवढ्यात तो झटक्यात तोडला जातो. तोडल्या क्षणी प्रायमरीत ३००-४०० व्होल्टचा उसळा येतो. सेकंडरीला, म्हणजे कॉइलमधल्या दुसऱ्या गुंडाळीला, वेढे साधारण शंभर पट, त्यामुळं तिथं ३०-४० हजारांपर्यंत मजल जाऊ शकते. पण कॉइल दर वेळी एवढी ताकद लावत नाही. प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडी मारायला जेवढं व्होल्टेज लागेल तेवढंच चढतं, ठिणगी पडली की तिथंच थांबतं.

आता उडी मारायला किती लागतं? उघड्या हवेत एक मिलिमीटरला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरच्या आत हवा दाबलेली असते, आणि दाब वाढला की ठिणगीला उडी अवघड जाते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, सिलिंडर अर्धापण भरत नाही, दाब कमी. घाटात चौथ्या गिअरला ४० च्या स्पीडनं तुम्ही पाय पूर्ण दाबता तेव्हा सिलिंडर काठोकाठ भरतो, आणि त्याच प्लगला आयडलिंगच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त व्होल्टेज लागतं. त्यात सीएनजी. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे तुमची गाडी घाटात सीएनजीवर चढते तेव्हा इग्निशनची सगळ्यात कडक परीक्षा होत असते.

आमच्याकडं पाटाला पाणी कमी असतं तोवर बांधाचं भगदाड कळत नाही. पाणी चढलं की तिथूनच फुटतं. इग्निशनचं तसंच. व्होल्टेज चढलं की त्याला जिथं सोपी वाट मिळेल तिथून ते पळतं: बुटाची चीर, प्लगच्या चिनी मातीवरचा कार्बनचा ओरखडा, आत साचलेलं तेल किंवा ओलावा. म्हणून पावसात जास्त.

तर "घाटात, सीएनजीवर, पावसात जास्त" हे तीन शब्दच तुमचं निदान अर्धं करून देतात. उरलेलं अर्धं हातानं तपासायचं.

सुरुवात स्कॅनरनं. स्टिअरिंगखाली गुडघ्यापाशी १६ पिनचा सॉकेट असतो. गॅरेजचा स्कॅनर लावा किंवा मोबाइलला जोडणारा साधा ब्लूटूथवाला लावा, कोड वाचायला तोही चालतो. कोड आला की आधी कागदावर लिहा, मगच पुसा. कितीतरी पोरं आल्याआल्या कोड पुसतात आणि मग विचारतात, काका आता काय करू? पी ०३०० म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये जाळ नीट न होणं) आहे पण ठरावीक सिलिंडरचं नाही. पी ०३०१, ०३०२, ०३०३ म्हणजे अनुक्रमे एक, दोन, तीन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. पी ०३५१ पासून पुढचे कोड कॉइलच्या सर्किटचे. कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिनचं तापमान किती याची नोंद. ती बहुतेकजण उघडतसुद्धा नाहीत. तुमच्या गाडीत ती लोड ८०-९० टक्के दाखवत असेल, तर फॉल्ट घाटातलाच आहे याचा लेखी पुरावा मिळाला. लोड कमी आणि इंजिन थंड असं दाखवत असेल तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि सकाळच्या गार स्टार्टिंगपासून सुरुवात करा.

कोडनं सिलिंडर सांगितला म्हणजे कॉइल गेली असा अर्थ लावू नका. पी ०३०२ एवढंच सांगतो की दोन नंबरमध्ये जाळ नीट झाला नाही. का झाला नाही ते तुम्ही शोधायचं. तुमच्या गाडीचे पैसे इथंच गेलेत.

अदलाबदल हा या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय. फक्त एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन नंबरची कॉइल तीनवर टाका, तीनची दोनवर. प्लग जागेवरच राहू द्या. कोड पुसा आणि घाट चढा. यवतेश्वर घाटासारखं टेस्टिंगचं मशीन आम्हाला फुकट मिळालंय, पुण्याच्या मेस्त्रींना त्यासाठी कात्रज नाहीतर खंबाटकी गाठावा लागतो. गॅरेजच्या दारात उभी करून रेस करून काही कळत नाही, कारण न्यूट्रलला कितीही रेस केली तरी इंजिनवर लोड येत नाही. चौथ्या गिअरला गाडी जरा कुंथू द्या. झटके आले आणि कोड पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर चालत गेला: कॉइल किंवा तिचा बूट. कोड ०३०२ च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग खाली येऊन, इंजिन थंड झाल्यावर, दोन आणि तीनच्या प्लगांची आपसात अदलाबदल करा आणि परत वर. त्यानंही फरक नाही पडला, तर इग्निशन सोडून पुढं जावं लागेल, ते शेवटी सांगतो.

चेक लाइट नुसती लागून राहिली तर सावकाश चालवत घरी या. पण लुकलुकत असेल तर पाय काढा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, आणि आतली जाळी वितळू शकते. ती कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडते. टेस्टसाठी घाटात दोन-तीन मिनिटं कुंथवलं तेवढं पुरे.

आता मला खरी शंका आहे ती सांगतो. दोन नंबरची कॉइल दोनदा गेली. एकाच जागेवरची कॉइल दोनदा जाते तेव्हा मी कॉइलला दोष देत नाही, जागेला देतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तिन्ही कॉइल वर उचला. कपलर (वायरीचा प्लास्टिकचा जोड) काढताना लॉक दाबून काढा, वायर ओढून नको. दहा वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं, आणि लॉक तुटलेला कपलर हा पुढं स्वतःच एक फॉल्ट होऊन बसतो. मग टॉर्च धरून प्लगच्या होलात बघा. मागच्या श्रावणात अशीच एक गाडी आली होती. दोन नंबरची कॉइल उचलली तर बुटाखालून थेंब ओघळला. बोटाला लावला तर काळपट आणि चिकट, इंजिन ऑइल. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग म्हातारं झालं होतं, आणि प्लग होलभोवतीच्या रबर रिंगमधून तेल झिरपून प्लगचं अर्धं डोकं त्यात बुडालं होतं. बूट फुगून मऊ झाला होता, दाबला तर शिळ्या भाकरीसारखी त्याला चीर पडत होती. मालकानं दोन कॉइली बदलल्या होत्या. नवी कॉइल त्याच तेलात बसवायची, तिचा बूट काही महिन्यांत फुगायचा, ठिणगी बाजूनं पळायची, झटके सुरू. मी टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि रिंगा बदलल्या, होल कोरडी केली, प्लग आणि बूट नवे टाकले, कॉइल तीच ठेवली. नवीन पॅकिंगचा खर्च एका कॉइलपेक्षा कमी होता.

तेल नसेल तर पाणी बघा. वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशरनं पाणी मारून घेतलं की दुसऱ्या दिवशी गाडी मिस मारतीय म्हणून आमच्याकडं रांग लागते. पाणी होलात उतरतं, बुटाच्या आत अडकतं आणि इंजिन गरम झालं की वाफ होऊन दोन-दोन दिवस छळतं. एअर प्रेशर मारून होल कोरडी करा, मगच प्लग खोला. तेल, पाणी किंवा माती असताना प्लग काढला तर ते सगळं सिलिंडरमध्ये जातं. आमच्या मेस्त्रींनी मला पहिल्या महिन्यात याच चुकीसाठी पान्याचा दांडा दाखवला होता.

प्लग बाहेर आला की चिनी मातीकडं नीट बघा. पांढऱ्या मातीवर वरपासून खालच्या लोखंडापर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगीनं तिथून वाट केलीय. ही रेघ पुसली तरी वाट राहते, तो प्लग टाकून द्या आणि त्याच्यावरचा बूटही टाकून द्या. कारण रेघ बुटाच्या आतल्या बाजूलाही उमटलेली असते, आणि एक नवा एक जुना ठेवला तर जुना नव्याला खराब करतो. तुमची नवी कॉइल चार महिन्यांत जायचं हेही एक कारण असू शकतं. लोखंडाच्या कडेला मातीभोवती पिवळसर-तपकिरी कडं दिसतं ते मात्र दोषाचं नाही. त्याला कोरोनाचा डाग म्हणतात (साथीच्या रोगाचा नव्हे, जास्त व्होल्टेजमुळं मातीभोवती होणाऱ्या विद्युत विसर्गाचा), विद्युतदाबानं ओढलेल्या तेलाच्या कणांचा, गाडीच्या झटक्यांशी त्याचा संबंध नाही. ते बघून "प्लग गॅस सोडतोय" म्हणत चांगले प्लग फेकणारे बरेच बघितलेत.

केसासारखी चीरही बघा. प्लग पाना तिरका बसवून जोर लावला की माती आतून तडकते, वरून दिसतसुद्धा नाही. म्हणून प्लग हातानं बसवायचा. पान्याच्या एक्स्टेंशनला हॅण्डल न लावता बोटांनी फिरवत खालपर्यंत न्यायचा, वॉशर टेकला की मग हॅण्डल लावून नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा, आधी बसवलेल्या प्लगला मात्र अगदी थोडासाच. थंड इंजिनवरच. अॅल्युमिनिअमच्या हेडचे आटे गेले तर सगळा खेळ खर्चिक होतो.

प्लगचा रंग बघून आम्ही जुने लोक बरंच काही सांगायचो. कॉफीसारखा तपकिरी म्हणजे बरोबर, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला काळा म्हणजे तेल वर येतंय, पेट्रोलनं भिजलेला म्हणजे ठिणगीच नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ही विद्या फारशी चालत नाही. गॅस स्वच्छ जळतो, प्लग पांढराच राहतो. तिथं रंगापेक्षा गॅप बघा. फीलर गेजनं. पेट्रोल गाड्यांना ०.८ ते १.१ मिलिमीटर गॅप ठेवतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल. जास्त सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांना मी ०.७ ते ०.८ वर ठेवतो, कारण गॅप कमी केला की लागणारं व्होल्टेज उतरतं. प्लग नवीन आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण ते डब्यातून काढून सरळ लावलेत का गॅप मोजून लावलेत हे लिहिलं नाहीत. बहुधा सरळ लावले असतील. इरिडिअम किंवा प्लॅटिनमचे असतील तर तार-ब्रश, पॉलिश पेपर काही लावू नका, त्यांचं टोक फार नाजूक असतं.

आणखी एक. गॅप झिजून वाढला की कॉइलला दर ठिणगीला जास्त चढावं लागतं, तिच्या आतल्या इन्सुलेशनवर ताण येतो, आणि एक दिवस ती आतच फुटते. कॉइल मरायच्या आधी तिला प्लगनं मारलेलं असतं. म्हणून प्लग न बघता कॉइल बदलू नका.

काही गॅरेजवाले अजूनही प्लग बाहेर काढून हेडला टेकवतात, सेल्फ मारतात आणि ठिणगी दिसली की म्हणतात, "इग्निशन ओके आहे, इंजेक्टर बघा." वर सांगितलं ना, उघड्या हवेत एक मिलिमीटरला तीनेक हजार व्होल्ट. अर्धमेली कॉइलही एवढं देते. ती ठिणगी फक्त एवढंच सांगते की करंट येतोय. खरी ताकद बघायची तर मोठ्या गॅपचा स्पार्क टेस्टर वापरा, त्यात ठिणगीला खरोखर उडी मारावी लागते. ठिणगी निळी आणि कडक आवाजाची असेल तर ठीक, पिवळट-नारिंगी आणि दबकी असेल तर कमजोर. हे करताना बाजूला पेट्रोलची वाफ किंवा गॅस नको. सीएनजी बंद करून, पेट्रोल इंजेक्टरचे कपलर काढून ठेवून करा. आणि छातीत पेसमेकर असलेल्यांनी चालू इग्निशनच्या जवळ यायचंच नाही. बाकीच्यांनीही जपायचं, विजेच्या धक्क्यानं फारसं झालं नाही तरी दचकून हात कुठंतरी आपटतो. मी पोरगेला असताना चालू गाडीची प्लग वायर ओढली होती. करंटनं फारसं काही झालं नाही, पण हात असा काही मागं आला की कोपर बोनेटच्या कडेला आपटून फुटलं. टाके तीन पडले.

सिलिंडर कट करून कुठला मिस मारतोय हे बघायची जुनी सवय आहे, एकेक प्लगवायर काढायची. आजच्या गाडीत ते करू नका. कॉइल काढली तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. पेट्रोलवर चालू ठेवून इंजेक्टरचा कपलर काढा. ज्याचा काढला आणि इंजिनच्या आवाजात काही फरक पडला नाही, तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला.

आता वायरिंग. कॉइलच्या कपलरमध्ये तीन वायरी असतील, तर एक बॅटरीचा करंट, एक अर्थ, एक ईसीएमचा सिग्नल. अशा कॉइलच्या आतच इग्नायटर (करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो, त्यामुळं मल्टिमीटरनं तिचा प्रायमरी ओहम मोजत बसण्यात अर्थ नाही, आकडा काही सांगणार नाही. दोन पिनची कॉइल असेल तर प्रायमरी एक ओहमच्या आसपास आणि जुन्या पद्धतीच्या कॉइलची सेकंडरी हजारो ओहम येते. पण ओहम बरोबर आला म्हणजे कॉइल चांगली असंही नाही. गरम झाल्यावर आणि लोडवर फुटणारी कॉइल मीटरवर हसत-हसत पास होते.

करंट आणि अर्थ मात्र तपासायचाच, आणि मीटरनं नाही, बल्बनं. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी लावा. चावी ऑन करून तो करंटच्या पिनला आणि बॅटरीच्या मायनसला जोडा. पूर्ण पेटला पाहिजे. मग बॅटरीच्या प्लसला आणि अर्थच्या पिनला. तोही पूर्ण पेटला पाहिजे. मीटर का नको? वायरीच्या आतल्या तारा तुटून एकच उरली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि एका तारेला ते झेपत नाही, तो मिणमिणतो. पिनमध्ये पिन किंवा सुई घुसवून तिचं तोंड मोठं करू नका, नाहीतर नवाच फॉल्ट तयार होईल. सिग्नलच्या वायरीला मात्र हा बल्ब लावायचा नाही. तिथं एलईडी टेस्टर. इंजिन चालू असताना तो लुकलुकला, तर ईसीएम आपलं काम करतोय. घाट चढताना एलईडी लांब वायरीनं आत घेऊन शेजारच्याला धरायला लावा. झटक्याच्या वेळीही लुकलुक चालू राहिली तर ईसीएमचं प्रकरण तिथंच संपलं. तिसऱ्या मेस्त्रींना तेवढं दाखवा.

कपलरच्या आत हिरवट थर दिसतो का बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कासला धुकं महिनोन्‌महिने हटत नाही. त्या भागात रोज जाणाऱ्या गाड्यांचे कपलर आतून हिरवे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. बुटाच्या आत काडेपेटीच्या काडीवर मावेल एवढं सिलिकॉन ग्रीस लावा, कोपरापर्यंत चोपडू नका.

बॅटरीची मोठी अर्थ केबलही सोडू नका. सेल्फ मारताना इंजिनच्या लोखंडावर एक टोक आणि बॅटरीच्या मायनसवर दुसरं टोक लावून मीटर बघा. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर केबल किंवा तिचा बोल्ट गंजलाय. तेव्हाच बॅटरीचं व्होल्टेजही बघून घ्या. सेल्फच्या वेळी साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ पाहिजे.

हे वाचणाऱ्यांत कुणाकडं जुनी पॉइंटवाली पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर असेल तर त्यांच्यासाठी थोडं. माझे उस्ताद धुक्यात मिस मारणारी गाडी दिवसा तपासायचेच नाहीत. रात्री आठला शटर अर्धं ओढायचे, दिवे बंद करायचे, इंजिन चालू ठेवून बोनेट उघडायचे आणि कपड्यांच्या इस्त्रीला वापरतात त्या बाटलीनं वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारायचे. अंधारात निळ्या मुंग्या धावल्यासारखी ठिणगी पळताना दिसायची, कुठून कुठं पळतेय ते डोळ्यांनी कळायचं. एकदा कॅपच्या आतल्या बाजूला, जिथं नजर जात नाही तिथं, रोटरपासून कडेच्या स्क्रूपर्यंत चीर सापडली होती. दोन महिने ती गाडी तीन गॅरेज फिरून आली होती. पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा, आणि पॉइंट वारंवार निळे पडून जळत असतील तर पॉइंट बदलत बसू नका, कंडेन्सर बदला. तुमच्या कॉइल-ऑन-प्लग गाडीत मात्र हा फवाऱ्याचा खेळ चालणार नाही, सगळं होलात लपलेलं असतं.

गरम झाल्यावर एकदम बंद पडते, सेल्फ फिरतो पण स्टार्ट होत नाही, आणि वीस मिनिटं थांबलं की झकास चालू होते, अशी तक्रार असेल तर ती वेगळी जात. त्यात कॉइल शोधू नका. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का बघा. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरकडं (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) किंवा त्याच्या वायरीकडं संशय न्या. पी ०३३५ कोड सोबत असला तर जवळजवळ पक्कं. आणि ऊसतोडीच्या दिवसांत शेताच्या कडेला गाडी लावणाऱ्यांनी आधी उंदरांकडं बघा. कोरेगावकडची एक गाडी दोन दिवस सेन्सर बदलत बसलो होतो मी. तिसऱ्या दिवशी इंजिनच्या मागं हात घातला तर वायरीचं तांबं उघडं आणि शेजारी ज्वारीची कणसं.

शेवटी, अदलाबदल करूनही कोड दोन नंबरवरच बसून राहिला तर. पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्हीकडं मिस मारतेय, तुमच्या सांगण्यावरून थोडी का होईना मारतेच, म्हणून गॅसचा इंजेक्टर किंवा गॅस फिल्टर एकटा गुन्हेगार असणं अवघड. तो असता तर पेट्रोलवर काहीच त्रास राहिला नसता. उरतं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. एका सीएनजी टॅक्सीला मी दोन कॉइली, तीन प्लग घातले, मालकाचे पैसे घालवले, आणि शेवटी कॉम्प्रेशन गेज लावला तर १८०, १७५ आणि ११० पीएसआय. एक्झॉस्ट वॉल्व्हची सीट बसली होती, टॅपेटची गॅप संपली होती, वॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. सीएनजीवर जास्त चालणाऱ्या गाड्यांना हे होतं, पेट्रोलचा ओलावा सीटला मिळत नाही. गेज दहा मिनिटांचं काम, मी आधी लावला असता तर त्या माणसासमोर मान खाली घालावी लागली नसती. टेस्ट करताना इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढलेले. तीन आकड्यांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असला पाहिजे.

तर आधी होलात टॉर्च मारा, तेल किंवा पाणी आहे का बघा. मग कॉइल दोनवरून तीनवर. रविवारी सकाळी लवकर घाट चढा, गर्दी सुरू व्हायच्या आत, कासच्या फुलांच्या दिवसांत तर नऊनंतर घाटात पहिल्या गिअरच्या वर जाताच येत नाही आणि टेस्ट वाया जाते. आधी पेट्रोलवर एक फेरी, मग गॅसवर. कोड ०३०२ वरून ०३०३ ला गेला की नाही तेवढं कळवा. नाही गेला, तर कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे घेऊन या.